ताप आला तर ‘युगांडाहून आलोय’ हे आधी सांगा

पत्राचा सारांश: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचे हे पत्र. त्यांचे पती दोन वर्षांपासून युगांडातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. या काळात त्यांना दोनदा मलेरिया झाला. पहिल्या वेळी गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, पण पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी केली तर ती पॉझिटिव्हच आली. दुसऱ्या वेळी दवाखान्यात इंजेक्शने घेतली, दोन दिवसांत ताप उतरला, म्हणून पुढच्या गोळ्या घेतल्याच नाहीत. तीन आठवड्यांनी पुन्हा थंडी वाजून ताप आला. ‘माझा मलेरिया रेझिस्टंट आहे’ असे ते फोनवर सांगतात आणि ‘इथे मलेरिया म्हणजे सर्दी-पडसं’ असेही म्हणतात. उरलेल्या गोळ्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत. गणपतीला ते महिनाभर गावी येणार आहेत. धाकट्या जावेने मोबाइलवर काही वाचून ‘औषधाला न जुमानणारा मलेरिया घरात आला तर पोरांचं काय?’ असे विचारले आणि सासूबाईही घाबरल्या. ताईंची मुलगी पाच वर्षांची आहे. पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिला घेऊन दोन महिने युगांडाला यावे असा पतीचा आग्रह आहे. ‘यांना येऊ नका म्हणू का? आणि मुलीला घेऊन तिकडे जाऊ का?’ हे ताईंचे दोन प्रश्न आहेत.

प्रिय ताई,

गणपती तोंडावर आले आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. त्यांना येऊ द्या. परमुलखात राबणाऱ्या माणसाला सणाला घरी येऊ नको म्हणावे असे कोणतेही वैद्यकीय कारण तुमच्या पत्रात मला दिसत नाही. पण तुमच्या घरातली भीती अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. तिच्यातला बराचसा भाग चुकीच्या जागी आहे, आणि जिथे खरोखर सावध राहायला हवे त्याबद्दल घरात कोणीच बोललेले नाही.

मलेरिया माणसाकडून माणसाला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने, बापाने लेकीला दिवसभर कडेवर घेऊन हिंडवल्याने तो लागत नाही. त्यासाठी अ‍ॅनोफिलिस जातीच्या डासाच्या मादीने आधी रुग्णाला चावावे लागते, आणि तेही त्याच्या रक्तात परजीवीची, म्हणजे मलेरियाच्या सूक्ष्म जंतूची, एक विशिष्ट अवस्था तयार झालेली असताना. आफ्रिकेत प्रामुख्याने आढळणाऱ्या फॅल्सिपॅरम मलेरियात ही अवस्था तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस जातात. मग डासाच्या अंगात परजीवी वाढायला आणखी दहा ते चौदा दिवस. तोवर तो डास जगला आणि दुसऱ्या माणसाला चावला, तर रोग पुढे जाणार. ताप आल्याच दिवशी रक्त तपासले आणि औषध नीट पूर्ण झाले, तर ही साखळी बहुतेक वेळा सुरूच होत नाही.

बहुतेक वेळा म्हणाले, कायमच म्हटले नाही. श्रीलंकेला सप्टेंबर २०१६ मध्ये मलेरियामुक्त देशाचे प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतर २०१८ मध्ये तिथल्या एका रहिवाशाला व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारचा मलेरिया झाला, आणि तो भारतातून तिथे कामाला गेलेल्या एका मजुराकडून डासामार्फत आल्याचे निष्पन्न झाले. हे उदाहरण मुद्दाम देते, कारण त्या गोष्टीत ‘बाहेरून रोग आणणारा’ माणूस आपल्याकडचा होता. जाऊबाई आज जे बोलल्या तेच मुंबईत इमारतींवर काम करणाऱ्या परप्रांतीय मजुरांबद्दल बोलले जाते, आणि त्याच बांधकामावरच्या उघड्या टाक्यांतून डास होतात त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जाऊबाईंवर रागावू नका, त्यांना लेकरांची काळजी आहे. त्या काळजीचा उपयोग करून घ्या. घरावरची पाण्याची टाकी, परसातला हौद, वापरात नसलेली विहीर या जागा झाकून घ्या किंवा आठवड्याला रिकाम्या करून कोरड्या करा, विहिरीत गप्पी मासे सोडायला आरोग्य सेवकांना सांगा, आणि सगळी मुले मच्छरदाणीत झोपवा. याने डेंग्यूचाही धोका कमी होईल, आणि पावसाळ्यात तुमच्या भागात त्याची धास्ती जास्त असते.

आता यांचा मलेरिया खरोखरच औषधाला दाद देत नाही का, ते पाहू. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही प्रसंगांवरून तसे सिद्ध होत नाही.

पहिल्या वेळी कोर्स पूर्ण झाला आणि पंधरा दिवसांनी चाचणी पॉझिटिव्ह आली. ती चाचणी बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर केलेली असणार. आफ्रिकेत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक पट्ट्या फॅल्सिपॅरमचे एक प्रथिन शोधतात, आणि परजीवी मरून गेल्यावरही ते प्रथिन तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, रक्तात रेंगाळते. म्हणजे माणूस बरा झालेला असतो आणि पट्टी मात्र दुसरी रेघ दाखवत राहते. उपचारानंतर रोग उरला आहे का हे पाहायचे तर काचेवर रक्ताचा थर देऊन सूक्ष्मदर्शकाखालीच तपासावे लागते. त्यांना ताप नव्हता, अशक्तपणाखेरीज काही त्रास नव्हता असे तुम्हीच लिहिले आहे. माझा अंदाज, ते तेव्हा बरे झालेले होते.

दुसऱ्या वेळची गोष्ट जास्त काळजीची आहे. ते इंजेक्शन बहुधा आर्टेसुनेटचे असणार. हे औषध विलक्षण वेगाने काम करते, पण काही तासांत शरीरातून निघूनही जाते. परजीवींची संख्या एकदम खाली येते, ताप उतरतो, भूक लागते, आणि माणसाला वाटते झाले. रक्तात मागे राहिलेले थोडे परजीवी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा वाढतात. म्हणूनच इंजेक्शनानंतर तीन दिवसांच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स द्यायचाच, असा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे. यांनी तो घेतला नाही. तेव्हा तीन आठवड्यांनी आलेला ताप हा अपुऱ्या उपचाराचा असण्याची शक्यता सर्वात मोठी. दुसरी शक्यता म्हणजे दरम्यान नवा डास चावून नवा संसर्ग झाला असेल, युगांडात ते सहज होते. परजीवीची जनुकीय तपासणी केल्याशिवाय जुना संसर्ग उलटला की नवा झाला हे खात्रीने सांगता येत नाही, आणि अशी तपासणी गल्लीतल्या दवाखान्यात होत नाही.

आणखी एक कारण फार कमी लोकांना ठाऊक असते. युगांडात आणि जगात बऱ्याच ठिकाणी दिल्या जाणाऱ्या गोळीत आर्टेमेथर आणि ल्युमेफॅन्ट्रिन ही दोन औषधे असतात. प्रौढ माणसाने तीन दिवसांत सहा वेळा ती घ्यायची. यातले ल्युमेफॅन्ट्रिन स्निग्ध पदार्थाबरोबर घेतले तरच नीट अंगात शोषले जाते. तापात तोंडाला चव नसते, माणूस पाण्याच्या घोटाबरोबर गोळ्या गिळतो आणि निम्मे औषध वाया जाते. पेलाभर सायीचे दूध, मूठभर शेंगदाणे, तूप घातलेला भात, काहीही चालेल, पण सहाही वेळा गोळीबरोबर ते पोटात गेले पाहिजे. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यायचा. आफ्रिकेतल्या बाजारात बनावट आणि हलक्या प्रतीची औषधेही मिळतात, म्हणून ती रस्त्यावरच्या टपरीतून घेऊ नयेत. औषध हरले असे म्हणण्याआधी इतक्या गोष्टी तपासाव्या लागतात.

एवढे सांगून झाल्यावर हेही सांगते की तुमचे पती जे ऐकून आहेत ते खोटे नाही. युगांडात, विशेषतः उत्तर भागात, आर्टेमिसिनिन गटाच्या औषधांना (आर्टेसुनेट, आर्टेमेथर ही त्यातलीच) अंशतः दाद न देणारा फॅल्सिपॅरम आढळल्याचे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी रवांडातून तसा अहवाल आला होता. पुढे टांझानिया आणि इरिट्रियातूनही आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतल्या या संकटासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. अंशतः म्हणजे काय, तर पूर्वी एक-दोन दिवसांत साफ होणारे परजीवी आता काही रुग्णांत तीन दिवसांनंतरही रक्तात दिसतात. अशा वेळी सगळा भार जोडीतल्या दुसऱ्या औषधावर येतो, आणि ते दुसरे औषध शाबूत असेल व कोर्स पूर्ण झाला तर रुग्ण अजूनही बरा होतो. उद्या ते दुसरे औषधही निकामी झाले तर काय होईल याची धास्ती डॉक्टरांना आहे, कारण असे याआधी घडलेले आहे. क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाला न जुमानणारा फॅल्सिपॅरम १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर दिसला, १९७३ मध्ये आसामातल्या कार्बी आंगलाँगमध्ये आढळला, १९७८ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत पोहोचला, आणि पुढच्या वीस वर्षांत आफ्रिकेत मलेरियाने होणाऱ्या बालमृत्यूंचे आकडे चढत गेले.

तेव्हाचा परजीवी आशियातून आफ्रिकेत गेला होता. आत्ता युगांडा-रवांडात सापडलेले बदल मात्र तिथल्या तिथेच निर्माण झालेले आहेत. म्हणजे कोणी परका माणूस येण्याची गरज नसते, औषधाचा अर्धवट वापर पुरतो. तुमच्याकडे उसाच्या शेतात तणनाशकाची मात्रा कमी पडली की कोवळे तण जळते, चिवट तेवढे उरते, आणि पुढच्या वेळी त्याचेच बी सगळीकडे पडते. रक्तातही हेच होते. इंजेक्शन घेऊन गोळ्या टाळणे हे त्या कमी मात्रेसारखे आहे. म्हणून आर्टेमिसिनिन गटातली गोळी एकटी देण्यावर भारतातही बंदी आहे, ती कायम दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच द्यायची असते.

आता मी ज्याची सर्वात जास्त काळजी करते तिकडे येते. समजा ते गावी आल्यावर बाराव्या दिवशी त्यांना ताप भरला. दिवस पावसाळ्याचे. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू येणार, मग टायफॉइड, मग ‘व्हायरल’. कोल्हापूर भागात मलेरिया फार कमी दिसतो, तेव्हा त्यात डॉक्टरांचा दोष नाही. दोन दिवस सलाइन आणि पॅरासिटामॉलमध्ये जातील. व्हायव्हॅक्स मलेरियात कदाचित हे चालून जाईल. फॅल्सिपॅरममध्ये या दोन दिवसांत माणूस बेशुद्धीपर्यंत पोहोचू शकतो.

आणि समजा मलेरिया सापडला, तरी औषधाचा प्रश्न राहतो. ईशान्येकडील राज्ये सोडली तर आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात फॅल्सिपॅरमसाठी वर्षानुवर्षे आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, म्हणजे ज्याला ‘एसपी’ म्हणतात, ही जोडी वापरली गेली. ईशान्येत एसपी निकामी होऊ लागल्यावर २०१३ पासून तिथे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन देऊ लागले. पूर्व आफ्रिकेतल्या परजीवींमध्ये एसपीला निष्प्रभ करणारे बदल फार मोठ्या प्रमाणावर पसरलेले आहेत. म्हणजे इथल्या रुग्णाला लागू पडणारी जोडी युगांडाहून आलेल्या रुग्णात लंगडी पडू शकते. जोडीतले एक औषध आधीच गळाठलेले, दुसऱ्याविरुद्ध काही परजीवी तयार झालेले. थंडी वाजते म्हणून कोणी अंदाजाने क्लोरोक्विन दिले तर तेही आफ्रिकेतल्या फॅल्सिपॅरमवर भरवशाचे नाही. हा सगळा घोळ एका वाक्याने टळतो: ‘डॉक्टर, मी अमुक तारखेला युगांडाहून आलोय.’ डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. केसपेपर काढतानाच सांगा, आणि कागदावर लिहून घ्या.

माझी सूचना अशी. ते घरी आले की त्यांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर भारतात परतल्याची तारीख, युगांडातल्या गावाचे नाव, आधी मलेरिया कधी झाला आणि तेव्हा कोणती औषधे घेतली हे लिहा. तिथले रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे जपून आणायला सांगा, औषधाच्या नावाचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा पाकीट दाखवणे सोपे. परतल्यापासून तीन महिन्यांत कोणताही ताप आला, अगदी खोकला-सर्दीबरोबर आला तरी, त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासायचे. फॅल्सिपॅरम बहुतेकांना परतल्यावर महिन्याभरात दिसतो, काहींना त्यानंतर. व्हायव्हॅक्स आणि ओव्हेल हे प्रकार यकृतात दडून राहून कित्येक महिन्यांनी उलटतात, तेव्हा वर्षभर ही सवय ठेवावी. तपासणी पट्टीचीही करा आणि काचेवरचीही. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप कायम राहिला, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करा, दोन-तीन दिवसांत तीन वेळा. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे फुकट होते. गावच्या आशाताईंना ते येण्याआधीच सांगून ठेवा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मलेरिया निघालाच तर डॉक्टरांशी तीन गोष्टी बोला. हा संसर्ग आफ्रिकेतला आहे, तेव्हा एसपीऐवजी आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनसारखी जोडी देता येईल का? परजीवी डासांत जाऊ नयेत म्हणून प्रायमाक्विनचा एक डोस द्यायचा का, आणि त्याआधी ते औषध सोसेल का हे पाहणारी जी६पीडी ही रक्तचाचणी करावी का? तुमच्या घरातल्या मुलांचा विचार केला तर या एका डोसाचे मोल मोठे आहे. आणि औषध सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी काचेवरची तपासणी पुन्हा करायची का? त्यातही परजीवी दिसले, किंवा अठ्ठावीस दिवसांच्या आत ताप परत आला, तर तेच औषध पुन्हा न घेता जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात जायचे. असा रुग्ण जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना कळवणे इतरांच्याही भल्याचे आहे. ब्रिटनमध्ये असे रुग्ण सापडले आहेत: आफ्रिकेतून परतलेल्या चार प्रवाशांना आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन देऊनही मलेरिया उलटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले दोघे युगांडाहून आले होते. दुसरी औषधे दिल्यावर चौघेही बरे झाले. तेव्हा एक औषध चालले नाही म्हणजे इलाजच संपला असे मुळीच नाही.

बोलण्यात असंबद्धता, गुंगी, डोळे पिवळे होणे, लघवी गडद काळपट होणे, धाप लागणे, झटका येणे, पोटात काहीच न राहणे, यातले एकही दिसले तर छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नका. जिथे आयसीयू आहे आणि शिरेतून आर्टेसुनेट मिळते तिथे थेट न्या.

साठवलेल्या गोळ्यांबद्दल. अर्धवट उरलेली पाकिटे टाकून द्यायला सांगा. त्यांतून कोणाचाच कोर्स पूर्ण होत नाही, आणि शेजारच्याला ताप आला की त्याच गोळ्या पुढे सरकतात. एक न उघडलेले, मुदतीतले पूर्ण पाकीट मात्र येताना आणायला हरकत नाही. तालुक्याला ते औषध लगेच मिळाले नाही तर उपयोगी पडेल. पण तपासणी झाल्यावर, डॉक्टरांना दाखवूनच.

त्यांच्याशी बोलायचे कसे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते. ‘काळजी घ्या’ हे तुम्ही शेकडो वेळा म्हणाल्या असाल. त्याऐवजी नेमके विचारा. कंपनीच्या खोलीत औषध लावलेली मच्छरदाणी आहे का आणि ती रोज सोडता का? रात्रपाळीत पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचे क्रीम असते का, कारण अ‍ॅनोफिलिस रात्रीच चावतो? आणि सर्वात महत्त्वाचे, गोळ्या मध्येच का सोडल्या? बाहेरदेशी काम करणाऱ्या माणसाचे उत्तर बहुतेकदा ‘कंटाळा आला’ असे नसते. कामाची पाळी चुकली तर पगार कापतात, वरिष्ठ कुरकुर करतात, एकट्याला खोलीवर कोणी जेवण देणारे नसते. तसे असेल तर त्यावर उपाय शोधा, म्हणजे सोबतच्या मराठी मंडळींपैकी एकाने तीन दिवस डबा द्यायचा आणि तुम्ही सहाही वेळा फोन करायचा. वाद घालून गोळ्या पोटात जात नाहीत.

‘इथे मलेरिया म्हणजे सर्दी-पडसं’ हे वाक्य त्यांनी तिथल्या सहकाऱ्यांकडून उचलले आहे. त्या सहकाऱ्यांना लहानपणापासून वारंवार मलेरिया होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, म्हणून मोठेपणी त्यांना तो सौम्य वाटतो. त्यासाठी त्या देशाने लहान मुलांच्या मृत्यूंची केवढी किंमत मोजली आहे! कोल्हापुरात वाढलेल्या माणसाकडे ती शक्ती नाही, दोनदा मलेरिया होऊन ती येत नाही. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचीही ती काही वर्षे बाहेर राहिल्यावर ओसरते. ब्रिटनमध्ये २०२३ साली मलेरियाचे दोन हजारांहून जास्त रुग्ण सापडले. तिथे दरवर्षी आढळणाऱ्या रुग्णांत नातेवाइकांना भेटायला आफ्रिकेत आपल्या मायदेशी जाऊन आलेल्यांचा वाटा फार मोठा असतो. ‘आमचंच गाव, आम्हाला काय होतंय’ म्हणून ते प्रतिबंधक गोळ्या न घेता जातात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. येत्या मे महिन्यात मुलीला घेऊन दोन महिन्यांसाठी जाऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. युगांडात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, आणि त्यापाठोपाठ मलेरिया वाढतो. आपली उन्हाळ्याची सुट्टी नेमकी तेव्हाच येते. लहान मुलात फॅल्सिपॅरम फार लवकर गंभीर होतो, आणि तिच्या अंगात त्याविरुद्ध काहीही नाही. दिवाळीची सुट्टीही तिथल्या दुसऱ्या पावसात पडते. जायचेच असेल तर जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांसाठी जाणे बरे. शाळेचे थोडे नुकसान होईल, पण पहिलीच्या आधीच्या मुलीचे तेवढे भरून निघते. मलेरिया त्या दिवसांतही असतोच, फक्त धोका तुलनेने कमी.

जाल तेव्हा प्रतिबंधक औषधाशिवाय जाऊ नका. क्लोरोक्विन तिथे उपयोगाचे नाही. डॉक्सिसायक्लिन तुम्हाला चालेल, ते जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यायचे असते, पण आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. मुलीसाठी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा मेफ्लोक्विन यांचा विचार वजनाप्रमाणे बालरोगतज्ज्ञ करतील. पहिले परतल्यावर सात दिवसच घ्यायचे असते. दुसरे आठवड्यातून एकदा, पण दोन-तीन आठवडे आधी सुरू करावे लागते, आणि झटके किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर ते देत नाहीत. जवळच्या दुकानात ही औषधे मिळतीलच असे नाही, म्हणून दीड-दोन महिने आधी चौकशीला लागा. तेव्हा तुम्ही गरोदर असाल, किंवा तसा विचार असेल, तर जाऊच नका.

पिवळ्या तापाची लस मात्र सगळे न विसरता घेतात, कारण परतताना विमानतळावर तिचे कार्ड विचारतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल तिथे कोणी विचारत नाही, आणि म्हणून त्या राहून जातात. लस घ्यायला अधिकृत केंद्रात जाल त्याच दिवशी मलेरियाचाही विषय काढा. मलेरियाची लस आली आहे ना, असेही तुम्ही विचाराल. आर२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच तयार होते आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली, पण ती मलेरियाच्या प्रदेशात राहणाऱ्या बाळांसाठी आहे. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांना ती देत नाहीत.

नायजेरिया, घाना, टांझानिया इथे नोकरीला असलेल्यांच्या घरच्यांना आणि बोटीवर काम करणाऱ्या कोकणातल्या मुलांनाही यातले बहुतेक सगळे लागू आहे. जहाज पश्चिम आफ्रिकेच्या बंदरात दोनच रात्री थांबले तरी डासाला तेवढे पुरते. ताप बहुधा पुढच्या बंदरात किंवा घरी आल्यावर चढतो, आणि तोवर त्या दोन रात्री कोणाच्या लक्षात राहत नाहीत. बोटीवरून उतरताना कुठल्या कुठल्या बंदरांत थांबलात याची यादी मोबाइलमध्ये ठेवा.

गणपतीत तुमच्या मंडळाचे रक्तदान शिबिर असेल, तर यांना यंदा रक्त देऊ देऊ नका. मलेरियातून पूर्ण बरे झाल्यावर तीन महिने तरी थांबावे लागते, आणि मलेरियाच्या देशातून नुकतेच आलेल्यानेही ते शिबिरातल्या डॉक्टरांना आधी सांगायचे असते.

त्यांच्या विमानाची तारीख नक्की झाली की आशाताईंकडे आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारा. ताप आल्यास आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन तालुक्यात कुठे मिळेल एवढे त्यांना विचारून ठेवा. नाहीच मिळत म्हणाले, तर ते न उघडलेले पाकीट यांना सामानात आठवणीने घालायला सांगा.